रुतलेलं पोकलेन काढायचं कसं: आधी खोदा, मग ओढा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. परभणीकडच्या एका पाझर तलावात गाळ काढताना २० टनी पोकलेन रुतलंय. दोन्ही चेन चिखलात गेल्यात, बेली (मशीनचं पोट) टेकलीय. इंजिन चालू आहे, चेन फिरतात, पण मशीन जागचं हलत नाही. सकाळी दोन जेसीबी लावून झटके दिले. १६ मिमीचा वायर रोप तुटून एका जेसीबीच्या काचेवर आला, माणसं थोडक्यात वाचली. आता मालक म्हणतात, २६ मिमीचा रोप आणा, दुसरं पोकलेन लावा आणि एकदाच सणसणीत झटका द्या. वळवाचा पाऊस कधीही येईल अशी हवा आहे.

झटका देऊ नका. जाड रोप आणून तर अजिबातच देऊ नका. का ते आकड्यांत सांगतो, कारण ‘धोका आहे’ म्हटलं की मालक लोक ऐकत नाहीत, हिशोब मांडला की ऐकतात.

जेसीबीचं वजन साधारण साडेसात टन. कोरड्या, कडक जमिनीवर चारही चाकं लावून ओढलं तरी तो चार-साडेचार टनांची ओढ देतो, त्यापुढे टायर नुसते माती उडवतात. म्हणजे दोघांची मिळून सरळ ओढ आठ-नऊ टन. नवा १६ मिमीचा रोप तुटतो १६ टनांच्या आसपास. मग तुमचा तुटला कसा? रोप सैल सोडून जेसीबी ताशी १० किलोमीटरने पळवला आणि २० मीटरचा रोप एकदम ताठ झाला, तर त्या क्षणी रोपवर १८-१९ टन येतात. हे एकट्या जेसीबीचं. रोप जुना असेल, त्यात गाठ असेल, तर त्याच्या निम्म्यातही काम संपतं.

आता तोच जेसीबी, तोच वेग, पण रोप २६ मिमीचा घ्या. भार जातो ३० टनांच्या घरात. जाड रोप कमी ताणला जातो, म्हणून झटका जास्त कडक बसतो. हा रोप नवा असेल तर ४० टनांपर्यंत तग धरतो, त्यामुळे कदाचित तुटणार नाही. पण मग ते ३० टन शॅकलवर (रोप अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) येतात, हुकवर येतात, नाहीतर मशीनच्या एखाद्या वेल्डिंगवर येतात. तुटलेला रोप वाईट असतोच, पण रोपच्या टोकाला सुटलेला शॅकल घेऊन आलेला रोप त्याहून वाईट. दोन-चार किलोचं लोखंड, आणि ते कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. तुमच्याकडे काचेवर निभावलं.

दुसरा हिशोब त्याहून महत्त्वाचा. लष्करात चिखलात फसलेली वाहनं काढण्यासाठी एक जुना ठोकताळा वापरतात. चाकं किंवा चेन बुडाली असेल तर वाहनाच्या वजनाइतकी ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत असेल तर तिप्पट. तुमच्या पोकलेनची बेली टेकलीय, म्हणजे तुम्ही दुपटीच्या घरात आहात: ४० टन. समोर जे दुसरं २० टनी पोकलेन लावणार, त्याची ओढ कंपनीच्या पत्रकात १८ ते २० टन लिहिलेली असते, आणि तीही कडक जमिनीवर. ४० विरुद्ध १८. ओढणाऱ्याची ताकद वाढवत बसलात तर हे गणित सुटणार नाही. अडकलेल्याचा भार कमी केला तरच सुटेल.

आणि तो कमी होतो, बराच होतो. त्याच ठोकताळ्यात पुढे आहे की फसलेल्या वाहनाने स्वतःची चेन फिरवून साथ दिली तर साधारण ४० टक्के भार उतरतो, आणि ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने उलटं बाहेर काढलं तर आणखी १० टक्के. ४० चे २० झाले. आता चेनच्या पुढचा-मागचा आणि बेलीखालचा गाळ खोदून काढला की १०-१२ टनांवर येतं. तेवढं दुसरं पोकलेन झटका न देता, कासवाच्या गिअरमध्ये, आरामात ओढतं. म्हणून मी साइटवर सांगतो की दिवसातले चार तास खोदायला द्या आणि दहा मिनिटं ओढायला. लोक उलटं करतात.

तुमच्याकडची काळी माती कशी धरते तेही समजून घ्या, त्याशिवाय खोदायचं कुठे ते कळणार नाही. ही बेसाल्ट झिजून झालेली, फुगणारी चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, वाळली की हातभर भेगा पडतात. तलावात एप्रिल-मे महिन्यात वरचा थर वाळून इतका कडक होतो की माणूस त्यावर बिनधास्त चालतो, पण त्याखाली दीड-दोन फुटांवर गाळ ओलाच असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली, तेव्हापासून गावोगावच्या तलावांत पोकलेन उतरतात, आणि बहुतेक ठिकाणी वरचा थर बघूनच उतरतात. पहार मारून खालचा बघत नाहीत.

६०० मिमीचे शू (चेनच्या आडव्या पट्ट्या) असलेल्या २० टनी पोकलेनचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.४५ किलोच्या आसपास असतो. हा आकडा फसवा आहे. मशीन सरळ उभं असतं तेव्हाचा तो सरासरी दाब. बूम (मशीनचा मोठा हात) लांब करून भरली बकेट उचलली की सगळा भार चेनच्या पुढच्या टोकावर जातो. म्हणून पोकलेन चालताना क्वचित रुततं, एका जागी काम करता करता रुततं, आणि नाकाकडून रुततं. ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत पुढचे रोलर गाळात असतात. मग तो बाहेर यायला चेन फिरवतो. शूच्या कडा गाळ उपसून मागे टाकतात, मशीन खाली जातं, बेली टेकते. बेली टेकली की चेनवरचं वजन उतरतं आणि चेन हवेत फिरल्यासारखी फिरते. त्यातच बेलीखाली हवा जायला वाट राहत नाही. मशीन उचलायला गेलं की खाली पोकळी होते आणि वरून हवेचा दाब मशीनला धरून ठेवतो. ही पकड मोडणं हे अर्धं काम आहे.

तर आता क्रमाने. चेन फिरवणं पूर्ण थांबवा. प्रत्येक फेरा मशीनला खाली नेतोय. पाणी कुठपर्यंत आहे ते बघा. साधारणपणे वरच्या कॅरिअर रोलरच्या (चेनचा वरचा पदर ज्यावर सरकतो ते छोटं चाक) मध्यापर्यंतचं पाणी चालतं. त्याच्यावर गेलं की स्विंगच्या (केबिन ज्यावर गोल फिरते त्या) बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, आणि फॅनच्या पातीला पाणी लागायला लागलं तर इंजिन बंदच करावं लागतं. शेजारी खड्डा करून मड पंप लावा. मशीन एका बाजूला कललेलं असेल तर कललेल्या बाजूकडे स्विंग करू नका, काउंटरवेट (केबिनमागचं जड लोखंड) त्या बाजूला गेलं तर उलटायला वेळ लागत नाही. तलावाच्या बांधावरून विजेची लाइन गेली असेल तर बूम उचलण्याआधी ती कुठे आहे ते दोघा ऑपरेटरना दाखवा. चिखलाच्या गडबडीत वर कुणी बघत नाही.

मग मशीनला स्वतःच्या ताकदीवर निघू द्यायचा एक प्रयत्न, आणि तो नीट करायचा. बूम आणि आर्म (बूमपुढचा, बकेट धरणारा हात) यांच्यातला कोन ९० ते ११० अंशांत ठेवा, बकेटची गोल पाठ जमिनीला टेकवा (दात टेकवू नका, ते नुसते घुसतात आणि आर्मच्या सिलिंडरवर आडवा जोर येतो) आणि बूम हळूच खाली दाबा. त्या बाजूची चेन उचलली जाते. उचलताना ‘फस्स’ असा लांब आवाज आला, चिखलाला बुडबुडे आले, की समजा पकड सुटली. आला नाही तर थांबा. चेनच्या कडेने आणि बेलीकडे तिरक्या पहारी मारून भोकं पाडा, त्यात पाण्याचा पाइप सोडा, म्हणजे हवा-पाणी आत जाईल. नुसता जोर वाढवत नेलात तर बकेटच खाली जाईल. बकेटखाली जमीन मऊ असेल तर आधी तिथे डबर किंवा जाड ओंडके टाकून घ्या.

उचललेल्या चेनखाली भरायचं काय? डबर सगळ्यात उत्तम, तळहाताहून मोठा, मुरूम मिसळलेला. नुसता मुरूम गाळात विरघळतो. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर सोनं. बाभळीचे ओंडके चालतात, चेनला आडवे, एकमेकांना लागून. लोखंडी प्लेट ओल्या गाळात घसरते, मी वापरत नाही. भराव दुसऱ्या पोकलेनच्या बकेटने टाका किंवा लांबून बल्लीने ढकला. उचललेल्या चेनखाली हात घालून स्लीपर सरकवणारा हेल्पर मी डोळ्यांनी पाहिला की काम तिथेच बंद करतो. हायड्रॉलिकवर उचललेलं मशीन होज फुटली की खाली येतं, सांगून येत नाही. दुसरी एक पद्धत जुने लोक करतात: दोन्ही चेनना आडवा ओंडका साखळीने बांधून चेन फिरवायची, ओंडका खाली जातो आणि मशीन त्यावर चढतं. काम करते. पण ओंडका मागून वर यायच्या आत सोडला नाही तर तो थेट फ्रेमला नाहीतर काउंटरवेटला धडकतो. नवीन ऑपरेटरकडून करवून घेऊ नका.

एका बाजूला भराव झाला की दुसऱ्या बाजूला तेच. मग बकेट निघायच्या दिशेला लांब टेकवून आर्म आत ओढायचा आणि त्याच वेळी चेन हळू फिरवायची. किंवा बकेट विरुद्ध बाजूला टेकवून स्वतःला ढकलायचं. इथे एक सावधगिरी: केबिन उलटी फिरवलेली असेल आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) समोर आलं असेल तर ट्रॅव्हलचे लिव्हर उलटे चालतात. रोजच्या ऑपरेटरला हे माहीत असतं, पण ताणात विसरतो. आधी स्प्रॉकेट कुठे आहे ते बाहेर उभ्या माणसाने ओरडून सांगावं. ट्रॅव्हल कासवावर ठेवा.

एवढ्याने निम्म्याहून जास्त पोकलेन स्वतःच बाहेर येतात. तुमचं बेलीवर बसलंय आणि सकाळच्या झटक्यांनी आणखी खाली गेलंय, त्यामुळे दुसरं मशीन लागेल असं धरून चला. पण ते ओढायला नाही, आधी खोदायला. २० टनी पोकलेनची पोच साधारण पावणेदहा मीटर असते, तेव्हा ते काठावरच्या कडक जागेवर, खाली डबर टाकून उभं करा. पहिल्या मशीनच्या जवळ नेऊ नका. दोन मशीन रुतलेली साइट मी पाहिली आहे, तिथे तिसरं कुणी द्यायला तयार होत नाही. खोदायचं ते आत गेलेल्या वाटेच्या दिशेने: दोन्ही चेनच्या मागे एकेक चर, चेनच्या तळापासून वर येणारा, चार मीटरला एक मीटर चढ किंवा त्याहून कमी. चर चेनपेक्षा थोडा रुंद. उपसलेला गाळ चराच्या कडेला टाकू नका, त्याच्या वजनाने चर पुन्हा मिटतो. शेवटी बेलीच्या मागचा ढिगारा काढा, म्हणजे मशीन मागे येताना नांगर चालवल्यासारखा गाळ पुढे लोटणार नाही. चराच्या तळाला डबर. हे सगळं झाल्यावर चेन एकदा फिरवून बघा. बऱ्याचदा रोप लावायची गरजच पडत नाही.

लागलीच, तर रोप. सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

रोप बघून घ्या, हातमोजे घालून, हळू हात फिरवत. एके ठिकाणी बऱ्याच तारा तुटलेल्या, कुठे कडी पडून वाकलेला, पेड सुटून पिंजऱ्यासारखा फुगलेला, गंजून बारीक झालेला असेल तर तो बाजूला. गाठ मारलेला रोप निम्मा झाला असं समजा. टोकाला प्रेस केलेला डोळा आणि थिंबल (डोळ्याच्या आतलं लोखंडी अस्तर) असलेला रोप घ्या. साइटवर क्लिपा लावून डोळा करायचाच असेल तर २६ मिमीला किमान ५ क्लिपा, रोपच्या जाडीच्या सहापट अंतरावर, आणि क्लिपचा जाड बसका भाग भार घेणाऱ्या बाजूला, वाकडा बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला. सगळ्या एकाच बाजूने. नट आवळा, रोपवर एकदा हलका ताण द्या, रोप बारीक होतो, पुन्हा आवळा. नीट लावलेल्या क्लिपांनी रोपची जवळपास ८० टक्के ताकद टिकते, उलट्या लावलेल्या क्लिपांचं काही सांगता येत नाही.

शॅकल बो टाइप, अंगावर क्षमता कोरलेला. १२ टनांची ओढ ठरवली असेल तर १७ टनी घ्या, १२ टनीवर अडून बसू नका. आणि पिन त्याचीच हवी. आपल्याकडे पिन हरवते आणि हेल्पर हाताला लागेल तो बोल्ट घालतो. एका साइटवर तर मी २५ मिमीच्या सळईचा तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून घातलेला पाहिलाय. ताण आल्यावर तो शॅकलमधून सरळ होत बाहेर निघत होता, रोप तुटायची वाट न बघता. पिन पूर्ण आवळा आणि तारेने बांधा. शॅकलवर ओढ सरळ हवी, तिरकी नको.

बांधायचं कुठे? पोकलेनच्या फ्रेमला एक भोक किंवा हुक असतो, लोक तो बघून खूश होतात. तो हलकं ओझं ओढायला दिलेला आहे, त्याची मर्यादा मशीनच्या पुस्तकात लिहिलेली असते आणि ती मशीनच्या वजनाच्या बरीच खाली असते. चिखलात अडकलेलं मशीन काढायला रोप ट्रॅक फ्रेमभोवतीच गुंडाळायचा, आणि फ्रेमच्या कडा जिथे रोपला लागतात तिथे लाकडाचे ठोकळे किंवा जुन्या टायरचे जाड तुकडे घालायचे. कडेवर वाकलेला रोप तिथूनच कापला जातो. बकेटला, आर्मला, शिडीला, चेनच्या शूला, काउंटरवेटला काहीही बांधायचं नाही. बकेटच्या दाताला अडकवलेला रोप निसटतो आणि सुटताना तुटल्यासारखाच येतो. दोन्ही बाजूंच्या फ्रेमना एकेक रोप लावून पुढे एकत्र आणा, म्हणजे मशीन सरळ येईल. या दोन रोपांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तेव्हा प्रत्येकावर एकूण ओढीच्या ५८ टक्के येतात. कोन १२० झाला की प्रत्येकावर पूर्ण ओढ येते, दोन रोप लावून काही फायदा नाही. ट्रकला वापरतात ते नायलॉनचे ताणणारे पट्टे या वजनाला लावू नका.

माणसं. रोपच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही नको, आणि रोप वळतो त्या आतल्या बाजूला तर मुळीच नको. गावात मशीन रुतलं की शंभर माणसं जमतात, त्यातली निम्मी मोबाइल काढून रोपच्या सरळ रेषेत उभी राहतात कारण तिथून चांगलं दिसतं. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधीच सांगून बांधाच्या मागे दोरी लावून घ्या. ऑपरेटरचं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतात. रोपवर ओली पोती टाकायची पद्धत आहे, टाका, पण तिच्या भरवशावर कुणाला जवळ येऊ देऊ नका. इशारा देणारा एकच माणूस, बाजूला, दोन्ही ऑपरेटरना दिसेल असा. ‘थांब’चा इशारा मात्र कुणीही दिला तरी दोघांनी थांबायचं.

दोन्ही मशीनची केबिन अशी फिरवून ठेवा की रोपच्या दिशेला काउंटरवेट असेल. ओढणारा ऑपरेटर मग रोपकडे पाठ करून बसतो, त्याला मागचं दिसत नाही, म्हणून बाजूचा इशारेवाला लागतोच. पण रोप तुटला तर तो लोखंडावर येतो, काचेवर येत नाही. अडकलेल्या मशीनच्याही बाबतीत तेच: काउंटरवेट बाहेरच्या बाजूला आणि बूम आतल्या बाजूला असेल तर त्याची बकेट मागून ढकलायलाही उपयोगी पडते. जेसीबी या कामात ठेवू नका. त्याच्या मागच्या काचेमागे माणूस बसतो आणि टायरची ओढ काही कामाची नाही. त्याला डबर आणायला लावा.

ओढायला सुरुवात अशी: ओढणारं मशीन कासवावर इंच-इंच पुढे, रोप जमिनीवरून उचलला गेला की थांबा. चालत जाऊन नाही, लांबूनच बघा: क्लिपा सरकल्या का, ठोकळे जागेवर आहेत का, ओढ सरळ आहे का. काही नीट करायचं असेल तर आधी रोप पूर्ण सैल करा, ताणलेल्या रोपजवळ पाना घेऊन जाणं नाही. मग एक हॉर्न, दोन्ही मशीन एकाच वेळी: अडकलेलं चेन फिरवतंय, बकेटने ढकलतंय, बाहेरचं ओढतंय. भार हळूहळू वाढवायचा आणि धरून ठेवायचा. काळी माती झटक्याला दाद देत नाही, पण सतत ताण धरला तर अर्ध्या-एक मिनिटाने सोडायला लागते, पाणी-हवा आत शिरायला तेवढा वेळ लागतो. ओढणाऱ्याची चेन जागेवर घसरायला लागली तर थांबा. तो सुद्धा आता खड्डा करतोय. रोप सोडा आणि पुन्हा खोदा. तिसरं मशीन जोडू नका.

ओढ कमी पडते आणि जवळ मोठा डोझर नाही, तेव्हा स्नॅच ब्लॉक (उघडता येणारी कप्पी) लावून ओढ दुप्पट करता येते. पण लक्षात ठेवा, ब्लॉकच्या बाजूला रोपच्या दुप्पट भार येतो, त्याचा शॅकल आणि त्याचा आधार तेवढ्याचा हवा. विहिरीचं काँक्रीट, बाभळीचं खोड, विजेचा खांब हे आधार नव्हेत. ज्याने आधी लावलेला नाही त्याने तलावात पहिल्यांदा शिकू नये.

इंजिन बंद पडलेलं असेल तर सगळंच बदलतं. पोकलेनच्या ट्रॅव्हल मोटरला स्प्रिंगचा ब्रेक असतो, तो तेलाच्या दाबाने सुटतो. इंजिन नाही म्हणजे दाब नाही, म्हणजे चेन जाम. तेव्हा नुसतं ओढलं तर तुम्ही २० टन लोखंड गाळातून खरवडत नेताय, वर ड्राइव्ह तुटायची भीती. कंपनीच्या मेकॅनिकला बोलवून फायनल ड्राइव्हमधला (चेन फिरवणारी गिअरपेटी) गिअर मोकळा करून घ्यावा लागतो. आणि मोकळं केल्यावर त्या मशीनला ब्रेकच नसतो, उतारावर ते ओढणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या साइटवर गाळ वाहणारे हायवाही असणार. भरलेला हायवा फसला तर डाला उचलून माल खाली करायचा मोह होतो. मऊ, कललेल्या जमिनीवर डाला उचलला की गुरुत्वमध्य वर जातो आणि ओला गाळ डाल्याला चिकटून एका बाजूला राहतो. हायवा उलटतात ते असेच. पोकलेनने वरून माल काढा, मग ओढा. एअर ब्रेकच्या गाडीला हवा नसेल तर मागचे ब्रेक स्प्रिंगने लागलेले असतात, ते मोकळे केल्याशिवाय चाक फिरणार नाही. आणि कुणी हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) आणून मशीन उचलू म्हणालं तर नम्रपणे परत पाठवा.

वेळेचं. पाऊस येतोय म्हणून रात्री दिवे लावून ओढू नका. ताणलेला रोप दिव्यात दिसत नाही. आज संध्याकाळपर्यंत चर झाले आणि अंधार पडला, तर मशीनभोवती मातीचा बंधारा घाला, पंप चालू ठेवा, बूम कडक जमिनीकडे टेकवून ठेवा आणि सकाळी उजेडात ओढा. अपवाद एकच, वरून तलावात लोंढा येण्याची शक्यता असेल तर. तेव्हा माणूस बाहेर, बॅटरी काढून घ्या, मशीन राहू द्या. पाण्यात बुडालेलं पोकलेन दुरुस्त होतं, खर्च होतो पण होतं.

बाहेर आल्यावर लगेच कामाला जुंपू नका. चेन आणि रोलरमधला गाळ ओला असतानाच धुऊन काढा, वाळला की तो दगड होतो आणि सील खातो. दोन्ही फायनल ड्राइव्हचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, बदला, आणि आठवडाभराने पुन्हा बघा. स्विंगच्या बेअरिंगला ताजं ग्रीस, जुनं बाहेर येईपर्यंत. चेनचा ताण तपासा. ज्या फ्रेमला रोप बांधला होता तिथलं वेल्डिंग पुसून तडा आहे का ते उन्हात बघा, आणि सकाळी ज्या जेसीबीने झटके दिले त्याच्याही हुकचं आणि चासीचं तेच करा. त्याला काही झालं असेल तर ते आज दिसणार नाही, पुढच्या ओढीला दिसेल.